वरतोंडी की पुढतोंडी

टिळकवाडीतल्या उपेंद्र वकिलानं कँपातल्या लिलावातून कपडे धुण्याचं मशीन आणलं, तेव्हा त्याच्या बायकोला, विनोदिनीला, पहिल्यांदा खरंच बरं वाटलं. मग बैलगाडीतून पहिल्याच्या पाठोपाठ दुसरं मशीन उतरलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

"अहो, दोन कशाला?"

"तुलना करायला नको?" उपेंद्र म्हणाला. "एकच आणलं असतं तर ते चांगलं की वाईट, हे ठरवायचं कसं?"

आता बोला! बायको आणताना एकीवरच भागवलं या माणसानं, हेच नशीब म्हणायचं.

१९४६ सालचा आषाढ होता. लढाई संपली होती, कँपातले साहेबलोक एकेक करून विलायतेला निघाले होते आणि त्यांच्या मडमांचं सामान मातीमोल जात होतं. दोन्ही मशीनं हातानं चालवायची. पहिलं म्हणजे तीन पायांवर उभं केलेलं लाकडी पिंप. झाकण वर, दांडाही वरच. झाकण उघडून कपडे वरून टाकायचे, दांडा मागंपुढं ओढायचा, की आतले चार लाकडी खुंट कपडे घुसळून काढायचे. दुसरं पत्र्याचं, लाकडी घोडीवर आडवं निजवलेलं. त्याला पुढून गोल दार. कपडे दारातून आत कोंबायचे, दार आवळायचं आणि कुशीतला दांडा रहाटासारखा गरागरा फिरवायचा. साहेबाच्या भाषेत त्यांना काय म्हणतात कोण जाणे. अनगोळहून धुण्याभांड्याला येणाऱ्या जयाबाईनं दोघांभोवती एक चक्कर मारली आणि बारसं करून टाकलं.

"हे वरतोंडी, आन् ते पुढतोंडी."

घरात पुढं तीच नावं चालली.

विनोदिनीला मशीनचं काडीचंही कौतुक नव्हतं. तिला पाहिजे होती शाळा. लग्नाआधी ती कोल्हापुरात मास्तरणीचं ट्रेनिंग पुरं करून पहिल्या वर्गात पास झाली होती. लग्नाला सहा वर्षं झाली, दाखला ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडला होता. आणि आता मुलींच्या शाळेतल्या एक बाई लग्न होऊन धारवाडला गेल्या, म्हणून मुख्याध्यापिकेनं आपणहून चिठ्ठी पाठवली होती: सोमवारी, पाच ऑगस्टला, अकराच्या ठोक्याला हजर व्हा. नाही झालात तर दुसऱ्या बाई तयार आहेत.

चिठ्ठी वाचून उपेंद्राचा चेहरा खुलला होता, निदान विनोदिनीला तरी तसं दिसलं. "वा! वा!" म्हणाला. याच माणसानं गेल्या गणेशोत्सवात स्त्रीशिक्षणावर पाऊण तास व्याख्यान झोडलं होतं, टाळ्याही मिळवल्या होत्या. "फक्त आईला विचारतो," असं म्हणून तो आत गेला आणि बाहेर आला तो चेहरा पाडून.

"आई म्हणते, सोवळ्याचं धुणं कोण करणार?"

इथं घोडं अडलं. घरातलं बाकीचं सगळं धुणं जयाबाईच करायची. पण सासूबाईंची, म्हणजे माईंची, सोवळ्याची दोन लुगडी आणि उपेंद्राचा पूजेचा पंचा यांना जयाबाईचा हात चालत नसे. ते घरच्या बाईनं आंघोळ करून ओलेत्यानं धुवायचं, पिळायचं, उंच दांडीवर काठीनं वाळत घालायचं, आणि वाळेपर्यंत कुणाचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. नऊ-नऊ वारांची लुगडी, त्यात बेळगावचा पावसाळा. ते उरकून, चुलीच्या धगीवर सुकवून, स्वयंपाक करून विनोदिनी मोकळी व्हायची तेव्हा बारा वाजलेले असायचे. अकराची शाळा कुठली गाठणार?

माईंशी समोरासमोर बोलावं, तर तीही सोय नव्हती. आषाढी एकादशीपासून त्यांनी चातुर्मासाचं मौन धरलं होतं. चार महिने तोंडातून अक्षर काढायचं नाही. लिहिता येत नव्हतं. जे काही सांगायचं ते खुणेनं, आणि त्या खुणा लावण्याचं काम उपेंद्राचं. मुलगाच तो, त्याला आईची खूण कळायचीच. माई हात हलवायच्या, बोटं नाचवायच्या, उपेंद्र मान डोलवायचा आणि बाहेर येऊन निकाल वाचून दाखवायचा. सुनेनं मध्ये तोंड घालायचं नाही, ही घराची रीत. विनोदिनीनं ती सहा वर्षं पाळली होती.

तर यावर तोडगा म्हणून मशीन. मशीन कपडे धुणार, दांडा जयाबाई फिरवणार, कपड्यांना तिचा हात लागायचाच नाही. तेवढ्या वेळात विनोदिनीचा स्वयंपाक होणार. कल्पना उपेंद्राचीच, आणि कल्पना नामी होती. विनोदिनीनं मनातल्या मनात त्याला शंभर गुण देऊन टाकले. घाई झाली तिची.

कारण पहिले आठ दिवस नुसती वही आखण्यात गेले. डावीकडं वरतोंडी, उजवीकडं पुढतोंडी. पाणी किती घागरी, वेळ किती मिनिटं, साबणाची वडी किती झिजली, मळ किती निघाला, कमरेला त्रास किती. नमनालाच घडाभर तेल!

पहिला प्रयोग सोवळ्यावर नको म्हणून साध्या कपड्यांवर झाला. वरतोंडीत विनोदिनीचं इरकली लुगडं, उपेंद्राची दोन धोतरं आणि चादर टाकली. अकरा घागरी पाणी प्याली ती बया. जयाबाईनं दांडा ओढायला घेतला आणि दहा मिनिटांत तो हालेचना. झाकण काढून बघतात, तर नऊवारी त्या चार खुंटांना अशी वेटोळी घालून बसली होती की सोडवायला तिघं लागले. मडमेच्या झग्यासाठी केलेलं मशीन ते, त्याला नऊवारी कुठून माहीत असणार! वर इरकलीचा रंग सुटून वकीलसाहेबांची धोतरं गुलाबी झाली.

"लगीनघरचं दिसायलंय," जयाबाई म्हणाली.

उपेंद्रानं वहीत लिहिलं: 'रंग. दोष मशीनचा की लुगड्याचा, विचाराधीन.'

दुसऱ्या दिवशी पुढतोंडी. तिला पाणी पाचच घागरी. लुगडं गुंतलं नाही, वरखाली आपटत छान धुऊन निघालं. पण दार लावून दांडा चार वेळा फिरवला आणि उपेंद्राला आठवलं, की एक बंडी बाहेरच राहिली. वरतोंडीत मध्येच झाकण उघडून टाकता येत होती. इथं दार उघडलं, तर पाचही घागरी पायावर. "एकदा मिटलं की मिटलं तोंड," उपेंद्र म्हणाला, "हा मोठाच दोष."

"हा मशीनचा दोष नाही, बंडी विसरणाऱ्याचा आहे," विनोदिनी म्हणाली. "आणि बंडी उद्या धुता येते. चला, ठरलं ना? पाणी कमी, गुंता नाही. पुढतोंडी ठेवायची."

"असं एकदम कसं? कमरेला त्रास. दारासाठी वाकावं लागतं."

"वाकणार मी. माझी कंबर तक्रार करत नाहीये."

"साक्ष एकतर्फी आहे," असं म्हणून त्यानं तहकूब केलं. खरोखर 'तहकूब' म्हणाला तो! घरात, मोरीपाशी उभं राहून! विनोदिनीला वाटलं, ती वही आधी मशीनात टाकावी आणि मग दांडा मी स्वतः फिरवावा.

जुलै संपत आला तेव्हा कुठं सोवळ्याची गोष्ट निघाली. उपेंद्र आत जाऊन माईंना विचारून आला. वरतोंडी बाद. का? दांडा तोंडाच्या बरोबर वर आहे, ओढणारीच्या हाताचा घाम आत ठिबकणार. जयाबाई तिथंच भांडी घासत होती. राख लावलेला तांब्या हातात धरून तिनं वर बघितलं.

"वकीलसायेब, माझ्या म्हशीचं दूध तुमच्या देवाला रोज चालतंय. ते काय मी दांडा फिरवून काढतोय व्हय?"

उपेंद्राला खोकला आला. विनोदिनीची मान खाली गेली. सहा वर्षं ही बाई घरात राबते आहे आणि सहा वर्षं आपण हे ऐकून न ऐकल्यासारखं करतो आहोत, याची तिला लाज वाटली. तिनं लाज गिळली आणि पुढचं विचारलं. सोमवार जवळ आला होता, तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

"मग पुढतोंडी? तिचा दांडा कुशीत आहे. तोंड बंद. घाम आत जायचा प्रश्नच नाही."

"तेच मीही म्हटलं आईला," उपेंद्र म्हणाला. "पण तिनं आपल्या दंडाची कातडी चिमटीत धरून दाखवली. कातडं! दारातून पाणी गळू नये म्हणून आत कातड्याची चकती बसवली आहे ना? सोवळ्याला कातडं कसं चालेल?"

झालं! वरतोंडीला कातडं नाही पण हात आडवा येतो, पुढतोंडीला हात नाही पण कातडं आडवं येतं. विनोदिनीला रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो संताप. आणि नवल असं वाटलं, की माईंना त्या दाराच्या आत कातडं आहे हे कळलं कसं? त्या तर मशीनजवळ एकदाही आल्या नव्हत्या. पण तो विचार तिनं झटकला. चार दिवस राहिले होते.

त्या चार दिवसांत तिनं काय केलं ते ऐका. जयाबाईचा भाऊ रवळू जांबोटीकडं जंगलातला मध काढायचा. त्याच्याकडून जयाबाईनं मेणाचा गोळा आणून दिला, एका शब्दानं न कुरकुरता. विनोदिनीनं त्या गुलाबी धोतराच्या चिंध्या फाडल्या, त्यांची घट्ट वेणी घातली, ती वितळलेल्या मेणात बुडवली. कातड्याची चकती खरवडून काढली, दार चिंचेनं घासलं, तीन वेळा धुतलं आणि मेणाची वेणी बसवली. बोटं भाजली. पहिल्या वेळी दार गळलं, दुसऱ्या वेळी गळलं, तिसऱ्या वेळी थेंब नाही!

"बाईसायेब," जयाबाई दांडा सोडून म्हणाली, "लई डोस्कं हाय की तुमास्नी! जावा बघू शाळंत. हितं कुजू नगासा."

रविवारी दुपारी सगळं सिद्ध झालं. वापरलेला पंचा आत घालून, पाच घागरी ओतून, जयाबाईनं दांडा फिरवला आणि पंचा बगळ्यासारखा पांढरा निघाला. विनोदिनीनं तो काठीनं उचलून दांडीवर टाकला. उपेंद्र वही घेऊन उभाच होता.

"मेण—" त्यानं सुरुवात केली.

"पंचामृतात मध चालतो," विनोदिनी म्हणाली. "त्याच पोळ्याचं मेण आहे. आता काय राहिलं ते सांगा."

त्यानं वही मिटली. काही राहिलं नव्हतं. "आईला विचारून येतो," म्हणाला आणि देवघरात गेला. पाटावर माई जपाची माळ ओढत बसल्या होत्या. उघड्या दारातून विनोदिनीला नुसते त्यांचे हात दिसले. माई माळ थांबवून काहीतरी खूण करत होत्या, मग जरा जोरात, मग दोन्ही हातांनी. उपेंद्र मान डोलवत होता.

बाहेर येऊन तो सरळ मेजापाशी गेला, कागद ओढला, टाक दौतीत बुडवला.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणते. तिचं मन घेत नाही, विनोदिनी. म्हातारं माणूस आहे, चातुर्मास आहे. मी मुख्याध्यापिकाबाईंना दोन ओळी लिहितो. 'अपरिहार्य गृहकारणास्तव'. पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी?"

"मशीनं आहेतच की. तोवर तुलनाही पुरी होईल."

हे ऐकलं आणि विनोदिनीच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. तीन आठवडे! घागरी मोजल्या, मिनिटं मोजली, बोटं भाजली, आणि हा माणूस 'अपरिहार्य' हा शब्द एका झटक्यात लिहितो, जणू आधीपासून तयार करून ठेवला होता. तिनं पदर खोचला आणि ती देवघराच्या उंबऱ्याशी गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा ती मधला माणूस सोडून बोलली.

"माई, मला माफ करा, पण मी आज वर तोंड करून विचारणार आहे. दार कातड्याविना बंद होतं. जयाबाईचा हात लागत नाही. पाणी मी ओढते. मग तुमचं मन कशाला घेत नाही? मला शाळेत जायचंय हो, माई. मला खरंच जायचंय. तुम्हाला नकोच असेल, तर मशीनवर ढकलू नका, मान हलवून एकदा नाही म्हणा, मी परत विचारणार नाही."

उपेंद्र टाक हातात धरून मागं येऊन उभा राहिला. "अगं, तिला त्रास देऊ नकोस—"

माईंनी सुनेकडं बघितलं. मग मुलाकडं बघितलं. मग माळ पाटावर ठेवली, आणि पंचवीस दिवस न वापरलेल्या, खरखरीत गळ्यानं म्हणाल्या,

"उपेंद्रा, माझं वकीलपत्र तुला कुणी दिलं रे?"

उपेंद्राच्या हातातल्या टाकातून शाईचा थेंब फरशीवर पडला.

"आई, तुझं मौन—"

"मोडलं. मोडायला लावलंस. त्याचं मी आणि देव बघून घेऊ." माई उठल्या, विनोदिनीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "ऐक गं. चिठ्ठी आली त्याच दिवशी यानं मला विचारलं, सोवळ्याचं कसं करायचं. मी फडताळाकडं बोट दाखवलं. तिथं माझी धाबळी आहे. लोकरीला रोजचं धुणं लागत नाही, सोवळ्याला ती केव्हाही चालते. हा म्हणाला, 'धाबळी म्हणतेस?' मी मान डोलवली. पंधरा दिवसांनी परत विचारायला आला. म्हटलं, विसरला असेल. दंड चिमटून दाखवला, की टोचेल थोडी मला, पण चालवून घेईन. आणि आज दोन्ही हातांनी सांगितलं, की पोरीला जाऊ दे म्हणून. कातड्याचं मी कधी म्हटलं? मला त्या यंत्राला दार आहे हेसुद्धा माहीत नव्हतं."

विनोदिनी उपेंद्राकडं वळली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! गणेशोत्सवातलं सगळं व्याख्यान तिला आठवलं, टाळ्यांसकट.

"का हो?" ती म्हणाली. "नको होतं तर नको म्हणायचं होतंत. मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण आईच्या मिटलेल्या तोंडात आपला नकार घातलात तुम्ही! तीन आठवडे मी यांच्यावर चिडत होते. तुमच्यावर चिडायचं ते यांच्यावर!"

"बाररूममध्ये लोक बोलतात," उपेंद्र पुटपुटला. "म्हणतील, वकिली चालत नाही, बायकोला नोकरीला धाडलं. मला वाटलं, तारखा पडत गेल्या की तूच... मला तुला दुखवायचं नव्हतं गं."

"म्हणून आईला पुढं केलंत."

उपेंद्र मेजापाशी परत गेला. मेजावरचा कागद त्यानं उचलला, चुरगळला आणि खिशात घातला. विनोदिनीचा राग काही तेवढ्यानं गेला नाही. तो जायला दिवाळी उजाडली.

माई परत पाटावर बसल्या होत्या. चूळ भरून त्यांनी देवाला हात जोडले आणि पुन्हा ओठ मिटले. उपेंद्र परत दारात येऊन घुटमळत होता. शेवटी न राहवून त्यानं विचारलं,

"पण आई, तू धाबळी नेसशील. माझ्या पूजेच्या पंच्याचं काय?"

माईंनी माळ थांबवली. एक हात त्याच्या छातीकडं केला, मग मोरीकडं, आणि मग मनगट गोल गोल फिरवून दाखवलं. मोरीत भांडी घासणारी जयाबाईसुद्धा मोठ्यानं हसली. ही खूण लावायला वकील लागत नव्हता.

"मी?" उपेंद्र म्हणाला. मग मोरीकडं बघून, "कुठल्यात? वरतोंडीत की पुढतोंडीत?"

"देवा!" विनोदिनी ओरडली आणि शाळेचं लुगडं काढायला ट्रंकेकडं गेली.

सोमवारी पावसानं थोडी उघडीप दिली होती. पावणेअकराला तिनं दाखला पिशवीत घातला, माईंना नमस्कार केला आणि छत्री घेतली. माई धाबळी नेसून, पाठ खाजवत, फुलं निवडत होत्या. मागच्या मोरीतून दांड्याचा कुरकुर आवाज येत होता आणि मध्येच पाणी सांडल्याचा, आणि जयाबाई कुणाला तरी सांगत होती, "उलटं न्हवं वकीलसायेब, सुलटं फिरवा!" आवाज कुठल्या मशीनचा होता, हे बघायला विनोदिनी थांबली नाही.